तहसीलपासून सुरुवात: मराठी माणसानं अरबी शिकायची तर

मस्कतच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला अरबी अक्षरं येत होती, भाषा येत नव्हती. वर टांगलेली पाटी लहान मुलासारखी एकेक अक्षर जोडून वाचली. अलिफ, लाम, वाव, साद, वाव, लाम. अल्-वुसूल. खाली इंग्रजीत ‘आगमन’ होतं. तिथंच थबकलो. वुसूल म्हणजे आपलं वसूलच की! शेतसारा वसूल झाला म्हणजे तो सरकारजमा झाला, हातात येऊन पोचला. अरबांचं विमान ‘वसूल’ होतं आणि आपली पट्टी वसूल होते. शब्द एकच. दाराशी आणखी दोन पाट्या होत्या. आत जायच्या दारावर ‘दुखूल’ आणि बाहेरच्या दारावर ‘खुरूज’. इस्पितळात दाखल होणारा आणि अर्ज खारीज झालेला माणूस या दोन दारांतूनच गेलेला असतो.

अरबी शिकायला निघालेल्या मराठी माणसाला मी पहिली गोष्ट सांगतो ती हीच: तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही. बहमनी काळापासून फारसी दरबारांतून आलेले शेकडो अरबी शब्द तुमच्या तोंडात आहेत. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातले यावनी शब्द काढून संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला, म्हणजे तेव्हाही ते किती रुजले होते बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कचेरीत दहा मिनिटं बसा, अरबी व्याकरणाचा पहिला धडा कानांवर पडतो. तो ऐकायचा कसा, हे मात्र कुणी शिकवत नाही.

आधी ठरवा: कुठली अरबी?

वर्गात नाव घालण्यापूर्वी या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी द्या. नाहीतर सहा महिन्यांनी रडायची पाळी येते.

अरब लीगमध्ये २२ देश आहेत. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत बातम्या, पाठ्यपुस्तकं, सरकारी कागद आणि भाषणं एकाच भाषेत असतात. तिचं नाव फुस्हा. संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९७३ ला सहावी अधिकृत भाषा म्हणून स्वीकारली ती हीच. म्हणूनच १८ डिसेंबर हा अरबी भाषा दिन. पण फुस्हा ही कुणाच्याही आईची भाषा नाही. घरात, बाजारात, रिक्षावाल्याशी बोलायची ती आम्मिया, म्हणजे बोली. ती दर देशात वेगळी, कधी दर गावात वेगळी.

प्रमाण मराठी आणि मालवणी यांच्यातल्या अंतराची आठवण होईल, पण इथलं अंतर त्याहून मोठं आहे. पुण्यातला एखादा माणूस प्रमाण मराठीतच भांडतो, रुसतो आणि झोपेत बडबडतो. फुस्हात कुणी झोपेत बडबडत नाही. ‘आता’ या साध्या शब्दाचं उदाहरण घ्या. फुस्हात ‘अल्-आन’, गल्फमध्ये ‘अल्-हीन’, दमास्कसमध्ये ‘हल्ला’, कैरोत ‘दिल्वक्ती’ (यात आपला ‘वक्त’ दिसला का?), आणि मोरोक्कोत ‘दाबा’. ‘मला हवंय’ हेही तसंच: फुस्हात ‘उरीदु’, कैरोत ‘आयिज’, शामच्या प्रदेशात म्हणजे सीरिया-लेबनॉनकडे ‘बिद्दी’, गल्फमध्ये ‘अबी’ किंवा ‘अब्गा’.

माझं मत स्पष्ट आहे. वाचायचं असेल, भाषांतराचं काम करायचं असेल, कुराण किंवा जुनं वाङ्मय समजून घ्यायचं असेल, तर फुस्हा. दुबई-मस्कत-दोह्याला नोकरीला निघाला असाल तर फुस्हाची लिपी आणि थोडं व्याकरण, आणि त्यासोबत गल्फची बोली पहिल्या महिन्यापासून. बोली म्हणजे अशुद्ध अरबी, ती नंतर आपोआप येईल, असं सांगणारे शिक्षक भेटतात. आपोआप काही येत नाही. इजिप्तची बोली मात्र एक जादा सोय देते. तिथल्या चित्रपट-गाण्यांमुळे ती जवळजवळ सगळीकडे समजते.

लिपी: तीन आठवडे, त्याहून जास्त नाही

अक्षरं २८. ओळ उजवीकडून डावीकडे. लोक याच गोष्टीला घाबरतात आणि प्रत्यक्षात हीच सगळ्यात सोपी निघते. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना तर हसू येईल. हात न उचलता लिहायचं, अक्षर शेजाऱ्याला चिकटलं की रूप बदलायचं, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही आणि बाकीचं संदर्भावरून ओळखायचं: मोडीचा स्वभाव असाच आहे.

अक्षरं क्रमानं पाठ करू नका, कुटुंबानं करा. एकच होडीसारखा आकार घ्या. खाली एक ठिपका दिला की ब, वर दोन दिले की त, वर तीन दिले की जिभेचं टोक दातांत धरून काढायचा थ. शब्दाच्या मधोमध आल्यावर न आणि य हेही याच कुटुंबात मिसळतात. वर एक ठिपका न, खाली दोन ठिपके य. जीम, हा आणि खा यांचा सांगाडा एक, फरक फक्त ठिपक्याचा. असं केलं की २८ अक्षरांचे आकार दीड डझनाच्या आसपास उरतात. सहा अक्षरं (अलिफ, दाल, धाल, रा, झाय, वाव) डावीकडच्या अक्षराचा हात धरत नाहीत. शब्दात मध्येच तुटलेली जागा दिसली तर तो नवा शब्द समजू नका, या सहांपैकी कुणीतरी तिथं बसलेलं आहे.

ऱ्हस्व अ, इ, उ अक्षरांवर-खाली छोट्या खुणांनी दाखवतात. त्यांना हरकत म्हणतात. कुराणात आणि बालपुस्तकांत त्या असतात, वर्तमानपत्रात नसतात. म्हणजे क-त-ब एवढंच छापलेलं असेल आणि तुम्ही ते कतब, कुतिब की कुतुब हे ठरवायचं. पहिल्या दिवशी हा अन्याय वाटतो. पुढे साचे कळले की खुणा नकोशा होतात.

कोकणात, मराठवाड्यात, मुंबईत अनेक मुसलमान घरांतल्या मुलांनी लहानपणी हरकतींसह कुराण वाचायला शिकलेलं असतं, अर्थ ठाऊक नसला तरी. तुम्ही त्यांपैकी असाल तर हा भाग सोडून द्या. तज्वीदमध्ये, म्हणजे कुराणपठणाच्या उच्चारनियमांत, शिकलेली अक्षरांची उच्चारस्थानं पुढे फार कामाला येतील. नसाल, तर असा एखादा मित्र गाठा. तीन आठवड्यांचं काम तो दहा दिवसांत करवून घेईल.

आकडे वेगळे लिहून काढा. अरब ज्यांना ‘हिंदी आकडे’ म्हणतात ते इजिप्त आणि गल्फमध्ये चालतात. मोरोक्को-अल्जीरियाकडे आपण इंग्रजी म्हणतो तेच आकडे वापरतात. हिंदी आकड्यांत मराठी डोळ्याला एक हमखास सापळा आहे. आपल्या शून्यासारखं गोल चिन्ह म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मस्कतला एका भाजीवाल्याच्या पाटीवर मी ‘०’ बघून खूश झालो होतो.

आकडे म्हणायला मात्र आपण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पुढे आहोत. पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. अरबीतही ‘खम्सा व इश्रून’, पाच आणि वीस. शिवाय पेशवे दफ्तर चाळलेल्यांना हे आकडे पाठच असतात. मराठी कागदांतली सुहूर सनाची कालगणना अरबी संख्याशब्दांतच लिहिली जाई. पानिपतचं साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ६०० मिळवले की इसवी सन १७६१. सलास म्हणजे तीन, अर्बा चार, खमस पाच, सबा सात, अशर दहा. इतिहासाच्या नादानं मोडी शिकलेल्या माझ्या एका मित्रानं अरबी आकड्यांवर एक तासही घालवला नाही.

घसा: इथं घाई करू नका

अरबीत प नाही, च नाही, आपले ट-ठ-ड-ढ नाहीत, फुस्हात ग सुद्धा नाही. पाकिस्तानचं ‘बाकिस्तान’ होतं, पेप्सीचं ‘बिब्सी’. ‘पुणे’ म्हणून दाखवायला सांगा, ‘बूना’ ऐकू येईल.

बदल्यात आपल्याकडे नसलेलं बरंच काही आहे. दोन क (एक साधा, एक पडजिभेजवळचा काफ), दोन स, दोन त, दोन द, आणि ह तर असा की चष्म्याची काच पुसायला वाफ सोडतो तसा घशातून घासत येणारा. आपण फारसीमार्गे शब्द घेताना हे सगळे भेद पुसून टाकले. म्हणून ‘कलम’ आणि ‘किताब’ यांतला क आपल्याला एकच वाटतो. अरबाला वाटत नाही. पडजिभेचा काफ घेऊन ‘कल्ब’ म्हणजे हृदय, साध्या क नं म्हणजे कुत्रा. प्रेमपत्र लिहिणाऱ्यांनी सांभाळावं. साधा स घेऊन ‘सैफ’ म्हणजे तलवार, जाड स घेऊन उन्हाळा. साध्या ह नं ‘मिहना’ म्हणजे पेशा, घासणाऱ्या ह नं म्हणजे कसोटी, संकट. आपली ‘मेहनत’ आली ती या दुसऱ्या, घासणाऱ्या शब्दातून.

आणि ऐन. घसा आवळून काढायचा हा व्यंजनध्वनी आपण ‘अ’ म्हणून गिळून टाकला. ऐन लावून ‘इमारा’ म्हणजे इमारत, ऐनाशिवाय ‘इमारा’ म्हणजे अमिरात. घर भाड्यानं हवंय म्हणताना तुम्ही अख्खी अमिरात मागू शकता.

आठव्या शतकात बसऱ्याचा अल्-खलील इब्न अहमद अरबीचा पहिला शब्दकोश रचायला बसला, तेव्हा त्यानं अलिफ-बे चा क्रम बाजूला ठेवला. घशाच्या तळापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानानुसार अक्षरं लावली आणि सुरुवात ऐननं केली. म्हणून कोशाचं नावच ‘किताब अल्-ऐन’. क-ख-ग पासून प-फ-ब पर्यंत कंठ ते ओठ असा प्रवास बालवाडीत केलेल्या आपल्या डोक्याला ही मांडणी लगेच पटते. आजही मी नवशिक्याला तसंच बसवतो: आधी घशातले सहा ध्वनी एकत्र घोटा, मग पुढे या.

ऱ्हस्व-दीर्घाचा आळसही इथं महाग पडतो. मराठी बोलताना इ-उ ची लांबी आपण फारशी पाळत नाही. अरबीत ‘मतर’ म्हणजे पाऊस आणि ‘मतार’ म्हणजे विमानतळ. दुप्पट व्यंजनाचंही तसंच: ‘हमाम’ म्हणजे कबुतरं आणि ‘हम्माम’ म्हणजे न्हाणीघर. टॅक्सीवाल्याला काय सांगताय ते बघा.

मूळ आणि साचा: सगळी गंमत इथे

आता तहसील कचेरीत परत जाऊ. तहसील, महसूल, हासील. तिन्ही शब्दांतून काना-मात्रा आणि पुढे जोडलेली त, म ही अक्षरं काढून टाका. उरतं ह-स-ल. अर्थ ‘हाती येणं’. अरबीतले बहुतेक शब्द असे तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. मूळ म्हणजे कणीक, आणि ती ज्या साच्यात दाबाल तसा शब्द निघतो. साच्यांची नावं अरब वैयाकरणांनी ‘करणे’ या अर्थाच्या फ-अ-ल या मुळावरून पाडली.

‘फाइल’ हा करणाऱ्याचा साचा. पहिल्या अक्षराला काना, दुसऱ्याखाली इ. लिहिणारा तो कातिब. आपल्याकडे याच साच्यातले किती आहेत बघा: हाजिर, जालीम, गाफील, कातील, साहेब, वारस, कायम, दाखल, शामील. काहींची इ मराठीत झिजली, पण काना शाबूत आहे.

‘मफ्ऊल’ हा ज्यावर क्रिया झाली त्याचा साचा. पुढे म, शेवटाआधी दीर्घ ऊ. लिहिलेलं ते मक्तूब. महसूल म्हणजे हाती आलेलं. मजकूर म्हणजे उल्लेखलेलं. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं गाव, दस्तऐवजांत आजही भेटतं. मंजूर म्हणजे ज्यावर नजर टाकली गेली ते. तोच न-झ-र. मशहूर, मालूम, मामूल हेही याच रांगेतले.

‘तफ्ईल’ हा ते काम घडवून आणण्याचा साचा: तहसील, तपशील, तालीम. तालीम हे ऐन-ल-म या ‘जाणणे’ अर्थाच्या मुळापासून आलं, म्हणजे शिकवणं. मालूम त्याच घरातलं. अरबाला तालीम म्हटलं की शाळा आठवते, कोल्हापूरकराला लाल माती. दोघंही बरोबर आहेत.

माझा सगळ्यात लाडका साचा ‘फअ्आल’, मधलं अक्षर दुप्पट. हा धंदा सांगतो. ओझं (हम्ल) वाहणारा हम्माल. नाणी बदलणारा सर्राफ. मध्यस्थी करणारा दल्लाल. कापड विकणारा बज्जाज. सुगंधी द्रव्यं विकणारा अत्तार. आपण मधलं दुप्पट अक्षर सोडून हमाल, सराफ, दलाल, बजाज केलं, पण आडनावांच्या पाट्यांवर हा साचा अजून लटकतो आहे. हा साचा कळला की खब्बाज (भाकरी भाजणारा), खय्यात (शिंपी), नज्जार (सुतार) हे शब्द पाठ करावे लागत नाहीत, नुसते ऐकावे लागतात. एटीएमवरची पाटी वाचा: ‘सर्राफ आली’, यांत्रिक सराफ!

अनेकवचनाचंही तेच. अरबीत बरीच अनेकवचनं शब्दाला शेपूट लावून होत नाहीत, शब्द आतून मोडून नव्यानं उभा राहतो. किताबचं कुतुब. परदेशी विद्यार्थी इथं हाय खातात. आपण मात्र हाल आणि अहवाल दोन्ही वापरतो, ते एकाच शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन आहे. अमीरचं अनेकवचन उमरा, त्याचे आपले उमराव. नाइबचं नुव्वाब, त्याचा झाला नवाब. गंमत म्हणजे आपण या अनेकवचनांना पुन्हा एकेकटं केलं.

यावरून एक सवय लावून घ्या. वहीत दर मुळाला एक पान द्या. पानाच्या डोक्यावर तीन अक्षरं, खाली जसजसे भेटतील तसे शब्द, आणि कडेला मराठीतला नातलग. मी पहिल्या वर्षी शंभरएक पानं भरली असतील. त्यांतल्या निम्म्याहून जास्त पानांवर मराठी नातलग सापडला. ही वही कोश वापरतानाही कामी येते. चांगले अरबी कोश मुळाच्या क्रमानं लावलेले असतात. ‘मक्तब’ म शोधून सापडत नाही, क-त-ब खाली सापडतो. हान्स वेअर यांचा अरबी-इंग्रजी कोश बहुतेक सगळे वापरतात, तोही असाच आहे. पहिला महिना त्यावर चिडाल, नंतर दुसरा कुठलाही कोश अडाणी वाटेल.

ओळखीचे वाटतात, पण घर बदललेलं आहे

शब्द पाचशे-सातशे वर्षं परक्या गावात राहिला की त्याची चाल बदलते. ‘गरीब’ अरबीत परका, विचित्र. कंगाल माणूस म्हणजे फकीर. ‘तक्रार’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. तेच रडगाणं परत परत गाणाऱ्यांकडे बघून आपण अर्थ बदलला असावा, असा माझा तर्क. ‘साहिब’ म्हणजे सोबती किंवा मालक. ‘कायदा’ म्हणजे नियम, पाया. कोर्टातला कायदा तो कानून. ‘नक्ल’ म्हणजे वाहतूक, ट्रकांवर लिहिलेलं असतं. बँकेत ‘फाइदा’ म्हणाल तर ते व्याज समजतील. जिल्ह्याचं मूळ तर बरगडी. देशाची एक कड, म्हणून जिल्हा.

उलट काही शब्द जसेच्या तसे चालतात आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून धीर येतो. ‘खलास’ गल्फमध्ये दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं: संपलं, पुरे, ठरलं. सवाल, जवाब, हिसाब, तारीख, सफर, अक्कल.

आणि व्यवहार एकतर्फी नव्हता. चिंचेला अरब ‘तमर हिंदी’ म्हणतात, हिंदचा खजूर. इंग्रजीतला टॅमरिंड त्यातूनच आला. गल्फच्या बोलीत ‘सीदा’ म्हणजे सरळ पुढे, ‘आलू’ म्हणजे बटाटा, आणि ‘करक’ चहा हा आपला कडक चहाच. गल्फच्या अनेक बंदरांत १९६६ पर्यंत भारतीय रुपया किंवा त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं १९५९ पासून छापलेला ‘गल्फ रुपया’ चालत होता, ओमानात तर १९७० पर्यंत. त्याच्याही हजार वर्षं आधी, इसवी सन ९१६ च्या सुमारास, बगदादचा प्रवासी अल्-मसूदी आपल्या कोकणातल्या चौलला येऊन गेला. त्यानं गावाचं नाव सैमूर लिहिलं आणि तिथं ओमान, बसरा, बगदाद, सिराफ इथून आलेले व इथंच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, अशी नोंद केली. ज्या वाऱ्यावर ती गलबतं येत, त्या मोसमाचा शब्दही ‘मौसिम’, अरबीच.

वाक्य: सुरुवातीला एवढं पुरे

‘अना मिन अल्-हिंद’: मी हिंदचा. वर्तमानकाळात ‘आहे’ लागत नाही. ‘मी मराठी’, ‘हे माझं घर’ म्हणणाऱ्यांना त्यात नवल काय?

‘अल्’ हा निश्चितीचा शब्द सांभाळा. ‘बैत कबीर’ म्हणजे मोठं घर. ‘अल्-बैत अल्-कबीर’ म्हणजे ते मोठं घर. ‘अल्-बैत कबीर’ म्हणजे घर मोठं आहे. एका ‘अल्’नं वाक्य तयार झालं. या ‘अल्’ मधला ल निम्म्या अक्षरांपुढे विरघळतो: चंद्र ‘अल्-कमर’, पण सूर्य ‘अश्-शम्स’. म्हणून १४ चंद्राक्षरं आणि १४ सूर्याक्षरं. यादी पाठ करू नका. जीभ दातांपाशी टेकवणारी अक्षरं ल ला खातात, तोंडाला ते आपोआप कळतं.

नपुंसकलिंग नाही, द्विवचन आहे. क्रियापद कोशात ‘त्यानं लिहिलं’ या रूपात सापडतं. तीन ते दहा हे आकडे नामाच्या उलट लिंगात चालतात. हा नियम वाचून पुस्तक मिटू नका, बोलीत तो बराच सैल होतो.

माणसांत वावरताना

एक गैरसमज आधी काढून टाका. अरबी म्हणजे फक्त मुसलमानांची भाषा नव्हे, आणि मुसलमान म्हणजे अरब नव्हेत. इराणात फारसी, तुर्कस्तानात तुर्की. सगळ्यात जास्त मुसलमान आहेत त्या इंडोनेशियाला अरब म्हणत नाहीत. उलट इजिप्तचे कॉप्ट ख्रिस्ती आणि लेबनॉनचे मॅरोनाइट ख्रिस्ती घरात अरबीच बोलतात, आणि ‘अल्-हम्दु लिल्लाह’ तेही म्हणतात. अरबीचं व्याकरण पहिल्यांदा नीट बांधणारा सीबवैह तर जन्मानं इराणी. आपलं पंचतंत्र पहलवीमार्गे (इस्लामपूर्व इराणची भाषा) अरबीत नेऊन ‘कलीला व दिम्ना’ घडवणारा इब्न अल्-मुकफ्फा हाही इराणीच. आठव्या शतकापासून त्या गद्याकडे नमुना म्हणून बघतात. आपल्या करटक-दमनक या कोल्ह्यांची ती अरबी नावं.

अभिवादनाला उत्तर थोडं चढं द्यायचं असतं. ‘सबाह अल्-खैर’ (सकाळ चांगली जावो) ला ‘सबाह अन्-नूर’ (प्रकाशाची सकाळ). शामकडे ‘मर्हबा’ ला ‘मर्हबतैन’, म्हणजे दोन मर्हबा. द्विवचन कशाला असतं ते इथं कळतं. ‘अस्सलामु अलैकुम’ ला ‘व अलैकुमुस्सलाम’ हे तुम्हाला ठाऊक असेलच. लगेच कामाचं बोलू नका. तब्येत, घर, मुलं, पुन्हा तब्येत. आपल्याकडे गावी गेल्यावर ओट्यावर जे होतं तेच. फक्त एखाद्या पुरुषाला त्याच्या बायकोबद्दल नाव घेऊन विचारू नका. ‘घरची मंडळी’ म्हणतो तसं ‘अल्-आइला’ म्हणा.

‘इन शा अल्लाह’ वर नवखे लोक वैतागतात. देवाच्या मनात असेल तर. कधी त्याचा अर्थ ‘हो’, कधी ‘बघू’, कधी सभ्य ‘नाही’. आपण निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. परका माणूस दारात वाट बघत बसला तर चूक कुणाची? सूर ऐका, दोन आठवड्यांत फरक कळतो.

गल्फमध्ये कॉफी कानाशिवायच्या छोट्या फिंजानमध्ये, तळाशी थोडीशीच येते. उजव्या हातानं घ्या. कप रिकामा करून परत दिला की तो पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर कप हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून द्यायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सातव्या कपानंतर यजमानाच्या लहान मुलानं हळूच दाखवलं.

रोजचं वेळापत्रक

अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी बोलणाऱ्यांना अरबीसाठी ८८ आठवडे, म्हणजे २,२०० तास लागतात असं धरते. आपल्या गाठीला शब्दसंग्रह असतो, तरी चार महिन्यांत अरबी शिकवतो म्हणणाऱ्या जाहिरातीला पैसे देऊ नका.

रोज चाळीस मिनिटं धरा. पहिले तीन आठवडे फक्त लिपी आणि घसा. मग रोज एक मूळ, त्याचे तीन-चार शब्द, आणि पाच वाक्यं मोठ्यानं. तिसऱ्या महिन्यापासून कान. फुस्हासाठी दोह्याहून १९९६ पासून चालणाऱ्या अल् जझीराच्या बातम्या ऐका. मथळे तेवढेच, रोज तेच तेच शब्द येतात. त्याहून सोपं हवं तर फुस्हात डब केलेली लहान मुलांची कार्टून बघा. मोठ्या माणसानं बघितली तर कुणी दंड करत नाही. फोनवर अरबी कळफलक टाका. रोमन अक्षरांत अरबी लिहिणारी पोरं ऐनसाठी तीनचा आणि घासणाऱ्या ह साठी सातचा इंग्रजी आकडा टाकतात. ते वाचता यावं, पण स्वतःला ती सवय लावू नका.

रीतसर शिकायचं तर मुंबई विद्यापीठ, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ इथं अरबीचं शिक्षण मिळतं.

आणि आज रात्रीचा गृहपाठ. घरातला जुना सातबारा किंवा खरेदीखत काढा. अरबी वाटणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा आणि त्याची तीन अक्षरं काढायचा प्रयत्न करा. सुरुवात ‘तपशील’पासून करा. मूळ फ-स-ल, वेगळं करणे. फैसला त्याचाच, जुन्या लोकांचं मोफसल (शहराबाहेरचा मुलूख) त्याचंच. मस्कतला शिंप्याच्या दुकानावर हाच ‘तफ्सील’ शब्द ठळक लिहिलेला असतो. आत कापड वेगळं करून मापानं शिवून देतात.